शटरचं मधलं हँडल

रेवा आणि अर्णव,

गेल्या हिवाळ्यात तुमच्या गॅरेजचं दार अर्ध्यावर राहिलं. गाडी आत आणि तुम्ही सगळे बाहेर बर्फात. तेव्हा मी फोनवर विचारलं होतं, "दार अर्ध्यावर थांबलंय, की अर्ध्यावर अडकलंय?" अर्णव म्हणाला, "आजी, दोन्ही एकच ना?" आणि मागून रेवाचा आवाज आला, "आजीला काय विचारतोस, माणूस बोलावलाय."

त्या वाक्यासाठी हा लेख आहे. बाळांनो, बारामती आणि इंदापूर तालुक्यात शटर बिघडलं की जो ‘माणूस’ बोलावत, तो मी होते. इथल्या दिवाळी अंकाचे संपादक बरेच दिवस माझ्या मागे लागले होते की तुमच्या कामाबद्दल लिहा. म्हटलं, त्यांचंही होईल आणि तुमचंही. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा बाबाकडून वाचून घ्या. तो मधल्या काही ओळी गाळेल. त्या ओळी नंतर मला विचारा.

आधी तुमच्या आजोबांना त्यांचं श्रेय देते. बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप त्यांचं. गेट, ग्रिल, रोलिंग शटर सगळं तिथे व्हायचं. वेल्डिंग त्यांच्यासारखं कुणाचं नव्हतं. पण शटर बॅलन्स करायला हात नव्हे, कान आणि धीर लागतो, आणि या दोन्ही गोष्टी तुमच्या आजोबांकडे नव्हत्या. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. त्या शिक्षणाचा या धंद्यात एकच उपयोग झाला: स्प्रिंगच्या खोक्यात येणारी इंग्रजी सूचनांची चिठ्ठी आमच्या वर्कशॉपमध्ये पुडी बांधायला न जाता वाचली गेली. एकदा वाचल्यावर मला करून बघायचं होतं. केलं, जमलं, आणि मग ते काम माझ्याकडेच आलं.

तुमच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडे गॅरेज म्हणजे गाड्या दुरुस्त करायचं दुकान. तुम्ही म्हणता त्या गॅरेजला लोक गाडीची खोली म्हणायचे, आणि तिचं दार म्हणजे शटर. लोखंडी पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या, वर एका पाइपाभोवती गुंडाळल्या जाणाऱ्या. त्या पाइपावर स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढलं की स्प्रिंगला पीळ बसतो, आणि वर उचलताना तोच पीळ उलगडून तुम्हाला मदत करतो. म्हणजे शटर खरं उचलते स्प्रिंग. आपण फक्त निमित्त. स्प्रिंग सैल झाली तर शटर धाडकन पायावर येतं. पीळ जास्त झाला तर ते हातातून निसटून वर पळतं आणि खाली यायला तयार होत नाही. बरोबर झालं की शटर कमरेइतकं उचलून हात काढून घ्या, ते तिथेच राहतं. वरही नाही, खालीही नाही. याला थांबणं म्हणतात. अडकणं निराळं.

मी खोचलेल्या पदराने शिडीवर चढून पाइप पान्याने स्प्रिंगला पीळ द्यायला लागले की खाली माणसं जमत. एकदा डाळजला एका आबांनी विचारलं, "बाई करणार व्हय ह्ये?"

मी म्हटलं, "हो. पण शटरला सांगू नका."

बिघाडांचे हंगाम ठरलेले असत. उसाचं गळीत सुरू झालं की चिपाडाची काजळी उडायची, आणि ज्यांनी शटरच्या बाजूच्या खाचांत हौसेने ग्रीस भरलं असेल त्यांच्याकडे तिचं काळं पीठ मळलं जायचं. खाचा कोरड्या ठेवाव्यात, फार तर मेण फिरवावं, हे मी घसा कोरडा करून सांगायची. दसऱ्यानंतर तर आमचा फोन थांबत नसे. गाडीची पूजा होई, तशी शटरचीही होई. झेंडूचा हातभर जाड हार शटरला बांधायचा, आणि संध्याकाळी तो न काढता शटर वर! हार पट्ट्यांबरोबर गुंडाळला जाऊन वरच्या डब्यात जायचा आणि शटर मध्येच रुसायचं. बावड्यातल्या एका घरी पुढच्या पावसाळ्यात त्या डब्यातून झेंडूचं रोप बाहेर आलं. घरच्यांनी ते काढू दिलं नाही. फूल येईपर्यंत त्यांची गाडी अंगणात भिजली.

आता मुख्य गोष्ट. तीही बावड्याच्या बाजूचीच.

बबनराव हे माझं गिऱ्हाईक. मूळचं घराणं मेंढरं राखणारं, पण बबनरावांच्या वडिलांनी जमीन केली, बबनरावांनी ऊस केला, बंगला बांधला, जीप घेतली आणि जीपसाठी खोली. शटर आमच्याच वर्कशॉपचं. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, पायात करकर वाजणारी चप्पल, आणि बोलायला मोकळा माणूस. एका डिसेंबरात त्यांचा फोन आला, "वहिनी, शटरचं जरा काम हाय. तुमीच या. दादा नकोत." दादा म्हणजे तुमचे आजोबा.

मी गेले. शटर कमरेइतकं उचललं, सोडलं. थांबलं. खाली घेतलं, वर नेलं. लोण्यासारखं.

"बबनराव, यात काहीच बिघडलेलं नाही."

"तीच तर अडचन हाय." बबनराव माझ्याजवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "लई हलकं चालतंय. जरा जड करून द्या."

इतक्या वर्षांत शटर जड करून मागणारं हे पहिलं गिऱ्हाईक. मी कारण विचारलं.

कारण होतं त्यांची आई. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. घरात ऊस आला, जीप आली, तरी आक्काने आपल्या चार-पाच मेंढ्या सोडल्या नव्हत्या. थंडीत मेंढ्या व्यायच्या. आणि संध्याकाळी जीप परत आली, की आक्का शटर उचलून कोवळी कोकरं जीपच्या पुढच्या भागाखाली ठेवायची. इंजिन गरम असतं ना! त्यातलं एखादं धीट कोकरू उडी मारून सीटवर बसायचं आणि सीटवर आपली निशाणी ठेवायचं.

"परवा कारखान्याच्या मीटिंगला गेलो," बबनराव म्हणाले, "सगळ्यांच्या म्होरं उठलो, अन् मागनं हसायला लागली. पांढऱ्या पँटीवर लेंड्या चिकटल्याल्या. वहिनी, इज्जतीचा सवाल हाय."

"मग कुलूप लावा."

बबनरावांनी कान पकडले. "आईला कुलूप? आख्खं गाव तोंडात शेण घालंल. बबननं आईला कुलूप घातलं म्हनतील. न्हाय, न्हाय. शटरच जड झालं तर कुनाचा इलाज हाय? मी न् सोपान मिळून उचलू." सोपान म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. "तुमी फकस्त स्प्रिंग सैल करा."

मी सांगितलं की ते मी करणार नाही. सैल शटर माणूस ओळखत नाही. आईच्या पायावर पडेल, तसं त्यांच्याही पडेल. बबनराव खट्टू झाले. तेवढ्यात घरात फोन वाजला आणि ते आत गेले.

ते वळले आणि कोपऱ्यामागून आक्का आली. जणू तिथेच उभी होती. उभीच होती. बारीक, वाकलेली, हिरवं इरकली लुगडं, आणि हातात माझ्यासाठी चहाची कपबशी.

"त्यानं काय सांगितलं त्ये मला ठावं हाय," ती म्हणाली. "तू करनार हायस?"

"नाही म्हटलंय मी."

"तू न्हाय म्हनशील तर दुसरा यील. पैका दिला की कोनबी सैल करतंय." तिने शटरकडे हात केला. "हितं माझी वाघूर असायची. मेंढरं कोंडायची जाळी. त्या जागंवर ह्येनं गाडी उभी केली, मी काय बोलले न्हाय. गेल्या सालच्या थंडीत माझी दोन कोकरं गारठून मेली, तवाबी न्हाय बोलले. ह्या साली मरू देनार न्हाय. शटर बंद झालं तर मी गाडीच्या आडवी निजनार. तुझ्या त्या बबन्याला सांग."

"माझा कुठे, तुमचाच बबन्या," मी म्हटलं.

आक्का हसली. दात थोडेच होते, पण हसू अख्खं होतं. "माझाच हाय. म्हनून तर माझ्यासारखा हट्टी हाय."

तिचं म्हणणं खरं होतं. मी गेले की दुसरा येणार, आणि तो स्प्रिंग सैल करणार. मी चहा प्याले. कपबशी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "आक्का, एकदा माझ्यासमोर शटर उचलून दाखवा बरं."

आता तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या शटरला मध्ये एक हँडल होतं. रुंद शटर नेहमी मधून उचलावं. एका टोकाला धरून उचललं तर ते तिरकं होतं, पट्ट्या खाचेत रुततात आणि शटर घट्ट बसतं. जितका जोर लावाल तितकं घट्ट. स्प्रिंग कितीही छान असो. दोन माणसांनी दोन टोकं एकदम उचलली तर अर्थात काही होत नाही.

बबनराव बाहेर आले तेव्हा मी मधलं हँडल काढून टाकलं होतं, आणि दोन नवी हँडलं दोन्ही टोकांना बसवत होते.

"बबनराव," मी म्हटलं, "स्प्रिंगला हात लावत नाही, पण तुमचं काम झालं. ही हँडलं धरून आता एकट्या माणसाला शटर उचलणार नाही. करून बघा."

त्यांनी उजवं हँडल धरून ओढलं. शटर वीतभर उचललं, तिरकं झालं, आणि बसलं. त्यांनी दम लावला. काही नाही. चेहरा उजळला त्यांचा! सोपानला हाक मारली. दोघांनी दोन टोकं धरली आणि "हां, उचल!" म्हणत शटर वर नेलं. ते अलगद गेलं, पण दोघांनी इतक्या जोरात हुंकार भरला, की त्यांना ते जडच वाटलं.

"वहिनी, डोस्कं हाय तुमाला," बबनराव म्हणाले.

"आणि खालच्या पट्टीला मध्ये ग्रीस लावते आहे, गंज धरू नये म्हणून. पांढरे कपडे सांभाळा. तिथे हात लावू नका."

एरवी मी तिथे ग्रीस लावत नाही.

मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते, हे इथे लिहून ठेवते. हँडल धरून एकट्याला ते उचलणार नव्हतंच. हँडल न धरता काय होतं, ते त्यांनी विचारलं नाही. माणसाला हँडल दिसलं की तो हँडलच धरतो, आणि पांढऱ्या कपड्यातला माणूस ग्रीसपासून लांब राहतो. आक्काला ना हँडलची सवय होती, ना ग्रीसची भीती. मी तिला एवढंच दाखवलं होतं: आधी शटर खाली नीट टेकवायचं, मग मधोमध, खालच्या पट्टीच्या पुढे आलेल्या कडेला दोन्ही तळवे खालून लावायचे, आणि झटका न देता उठायचं. "कोकरू उचलल्यावानी," ती म्हणाली. मला इतकं चांगलं सांगता आलं नसतं.

पुढे महिनाभर शांतता. मग पुन्हा फोन.

"वहिनी, शटर झ्याक हाय. पर एक कोडं हाय. कोकरांच्या पाठीवर काळे डाग पडायला लागल्यात. धाच्या धा बोटं दिसत्यात. कसला रोग म्हनावा?"

"डॉक्टरांना विचारा," मी म्हटलं आणि फोन ठेवून बराच वेळ हसले. आजोबांनी कारण विचारलं. मी सांगितलं नाही. त्यांच्या पोटात काही राहत नसे.

फोन मात्र त्या डागांसाठी नव्हताच. बबनरावांच्या मुलीला, सुनंदाला, पाहायला इंदापूरहून मंडळी येणार होती. मुलगा इंजिनियर, इंग्रजी फाडफाड बोलतो असं मध्यस्थाने सांगितलेलं. "खरं का खोटं, तुमी बोलून बघा. आमाला काय कळतंय?" म्हणजे मला मुलाची तोंडी परीक्षा घ्यायला बोलावलं होतं.

गेले. पोहे झाले, चहा झाला. मुलाशी मी चार वाक्यं इंग्रजीत बोलले. बिचाऱ्याचं व्याकरण चांगलं होतं, घाम जास्त होता. मी बबनरावांना डोळ्यांनी पास म्हणून सांगितलं. ते इतके खूश झाले की उठून म्हणाले, "चला, समद्यांनी मळा बघून येऊ. जीप काढतो."

मी नजरेने सोपानला शोधलं. सोपान त्या दिवशी रजेवर होता. आणि आदल्या दिवसापासून कडाक्याची थंडी पडली होती. आक्का एरवी पहाटे सीट पुसून कोकरं बाहेर काढायची, पण त्या दिवशी ती आतच असणार.

सगळे अंगणात आले. बबनरावांनी उजवं हँडल धरलं आणि ओढलं. शटर वीतभर उठलं आणि रुसलं. डावीकडे गेले. तिकडूनही ओढलं. आता ते चांगलंच रुतलं. मुलाचे काका पुढे झाले, "आमी धरतो की एका अंगानं."

"छ्या छ्या! तुमी पावनं मानसं. हात लावू देतो व्हय?" बबनरावांनी त्यांना जवळजवळ ढकललंच. सोयरीक जुळायच्या आधी पाहुण्यांकडून शटर उचलून घ्यायचं म्हणजे काय! मुलगा उठला, त्यालाही बसवलं. एका बाजूने ओढायचं, दुसरीकडे धावायचं, पुन्हा ओढायचं. पांढरा शर्ट पाठीला चिकटला. करकरणारी चप्पल एकीकडे पडली. मी आकाशाकडे बघत होते. तोंड उघडलं असतं तर आक्काची कोकरं त्याच थंडीत उघड्यावर आली असती.

मुलाचे आजोबा, डोक्याला लाल पटका आणि हातात काठी असलेले तात्या, खाटेवर बसून मजा बघत होते. "बबनराव," ते म्हणाले, "आत काय सोनं ठिवलंय का?"

आतून उत्तर आलं. "ब्यँऽऽ."

मग दुसरं उत्तर, जरा बारीक आवाजात.

बबनरावांचा चेहरा शटरच्या रंगाचा झाला. शटर राखाडी होतं.

आणि मग आक्का आली. घाई नाही, गडबड नाही. "सरक," बबनरावांना म्हणाली. शटरवर तळवा ठेवून ते आधी खाली नीट टेकवलं. मधोमध वाकली, ग्रीसमध्ये दोन्ही हात घातले, आणि कोकरू उचलावं तसं अख्खं शटर उचलून कमरेइतकं नेलं. तिथे हात काढून घेतले. शटर थांबलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मग उरलेलं वर सरकवलं.

आत जीप होती. जीपखाली दोन कोकरं आणि ड्रायव्हरच्या सीटवर तिसरं, काळ्या बोटांच्या ठशांसकट.

तात्या काठी टेकत आत गेले. सीटवरचं कोकरू उचललं, कानाला हात लावून बघितलं, तोंड उघडून बघितलं, छातीशी धरलं. त्यांचंही घराणं एके काळी मेंढरांमागे फिरलेलं, हे आम्हाला तेव्हा कळलं. "किती दिसांचं?" त्यांनी आक्काला विचारलं. मग दोघं तिथेच जीपच्या पायरीवर बसली आणि वाघूर, लोकर, कुठल्या साली कुठल्या रानात मेंढरं बसवली, यावर बोलत राहिली. मळा राहिला बाजूलाच. निघताना तात्या म्हणाले, "सोयरीक पक्की धरा. फकस्त एक करा बबनराव, शटराचं काम तुमच्या आईकडं द्या, अन् कोकरांत तुमी बसा."

सगळे हसले. बबनराव हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

चौथ्या दिवशी ते बारामतीला वर्कशॉपवर आले. मी पाने आकारमानाने लावून ठेवत होते, आणि मनातल्या मनात उत्तरंही तशीच लावत होते.

"वहिनी, फशिवलंत मला."

"तुम्ही जड मागितलं, तुम्हाला जड दिलं. आक्कांनी हलकं मागितलं, त्यांना हलकं दिलं. शटर एकच. याला बॅलन्स म्हणतात."

बबनराव स्टुलावर बसले. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण त्यांनी आपले तळवे उलटसुलट करून बघितले.

"ग्रीस निघत न्हाय हो," म्हणाले. "आईच्या हाताला. राकेलनं घासती रोज. कातडं फाटलंय." मग म्हणाले, "मधलं हँडल परत लावून द्या. जरा खालच्या अंगाला. ती वाकूनच असती."

मी त्याच दुपारी गेले. ग्रीस पुसलं, आणि आक्काच्या हाताला येईल अशा उंचीवर हँडल बसवलं. टोकाची दोन काढू का म्हणून विचारलं, तर बबनराव म्हणाले, राहू द्यात. जीपच्या सीटवर त्यांनी बारदान अंथरलं होतं. कोकरांसाठी की स्वतःच्या पँटीसाठी, ते मी विचारलं नाही.

आता तुम्ही विचाराल, पुढे काय. वर्कशॉप आम्ही नंतर विकलं. तुमचे आजोबा गेले, आक्का त्यांच्याही आधी गेली. तिच्या मेंढ्या बबनरावांनी वर्षभर ठेवल्या, मग तात्यांकडे, म्हणजे आता सुनंदाच्या सासरी, पाठवल्या. जीप विकली. त्या खोलीत आता बबनरावांच्या नातवाची मोठी गाडी असते, आणि तिला बटणावर उघडणारं दार हवं असं तो म्हणतो. बबनराव नको म्हणतात.

मागच्या महिन्यात मी त्या बाजूला गेले होते. स्प्रिंगा मध्ये एकदा बदलल्या आहेत, रंग दोनदा दिला आहे. टोकाची हँडलं गंजली आहेत, कारण ती कुणी धरत नाही. मधलं झिजून चकचकीत झालं आहे. मी त्याला धरून शटर कमरेइतकं उचललं आणि हात काढून घेतला. ते थांबलं.